माप जुळलें, आटे जुळले नाहींत

(एक विद्यार्थी, इयत्ता नववी)

मनुष्याच्या हातून चूक घडते ती बहुधा अज्ञानामुळें, असें आपण म्हणतों. माझ्या हातून घडलेली चूक मात्र अर्धवट ज्ञानामुळें घडली. मला कांहींच ठाऊक नसतें, तर मीं कोणास तरी विचारलें असतें. थोडेंसें ठाऊक होतें, म्हणून विचारण्याची लाज वाटली. २०२५ च्या दिवाळीच्या सुटींत घडलेली ही हकीकत शाळेच्या वार्षिकांत लिहिण्याचें कारण एवढेंच कीं, आपल्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं एखादा जुना संगणक असेल, आणि थोडे नवे भाग बसवून तो नव्या खेळांच्या तोडीचा करावा, अशी इच्छा त्यांच्याही मनांत असेल. त्यांचे पैसे, व विशेषतः त्यांच्या आईचे पैसे, वांचावे हा माझा हेतु आहे.

आमच्या घरचा संगणक माझ्या आतेभावानें, म्हणजे आमच्या दादानें, २०१६ सालच्या अखेरीस सुटे भाग आणून स्वतःच्या हातांनीं जुळविला. त्या वेळीं तो इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकत होता. शिकवण्या करून त्यानें पैसे सांठविले, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चार शनिवार हिंडून एकेक भाग पारखून घेतला. त्यांत इंटेल कंपनीचा सहाव्या पिढीचा आय-५ ६५०० हा चार कोअरचा प्रोसेसर, एच-११० जातीचा मदरबोर्ड, आठ जी.बी. रॅमची एकच पट्टी, जी.टी.एक्स. १०५० टी.आय. हें ग्राफिक्स कार्ड, आणि एक टी.बी.ची हार्ड डिस्क इतकें सामान होतें. पुढें नोकरीनिमित्त दादा बंगळूरास गेला. जातांना तें यंत्र त्यानें आमच्या स्वाधीन केलें व मला म्हणाला, "हें खेळण्याकरितां आहे, पण ह्याला खेळणें समजूं नकोस." ह्या वाक्याचा अर्थ त्या वेळीं मला कळला नाहीं.

कांहीं वर्षें यंत्रानें उत्तम सेवा केली. पण खेळ दरवर्षीं अधिक भारी होत गेले आणि यंत्र होतें तेथेंच राहिलें. नवा खेळ सुरू करावा, तर पडद्यावरील चित्र अडखळत पुढें सरके. मोटारींच्या शर्यतींत वळण येई, आणि मी वळण्यापूर्वींच मोटार भिंतीवर आदळलेली असे. त्यांतच १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची मोफत देखभाल संपली. विंडोज ११ च्या अधिकृत यादींत इंटेलचे बहुतेक करून आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर असल्यामुळें आमचें सहाव्या पिढीचें यंत्र यादीबाहेर राहिलें. ह्या यंत्रावर माझा एकट्याचाच हक्क नव्हता, हेंही येथें सांगणें अवश्य आहे. माझी ताई आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षांत असून तिचे नकाशे ह्याच यंत्रावर तयार होत. संध्याकाळीं सात वाजेपर्यंत यंत्र तिचें, नंतर एक तास माझें, असा आमच्या घरचा करार होता.

दिवाळींत मजजवळ बक्षिसाचे व आजीनें दिलेले मिळून अडीच हजार रुपये जमले. आई घरीं शिवणकाम करते. तिनें आपल्या डब्यांतून आणखी तीन हजार काढून मला दिले. "यंत्र सुधारून घे," ती म्हणाली, "पण ताईच्या अभ्यासाची गैरसोय होतां कामा नये." मीं मोठ्या दिमाखानें होकार दिला.

मग माझी विचारमालिका सुरू झाली. आमच्या मदरबोर्डावर प्रोसेसर बसण्याची जी जागा असते, तिचें नांव एल.जी.ए. ११५१. तिच्यांत ११५१ बारीक पिना असतात, म्हणून हें नांव. आठव्या पिढीचा आय-५ ८४०० हाही ११५१ चाच. आमच्या प्रोसेसरास चार कोअर, त्यास सहा. शिवाय विंडोज ११ च्या यादींतही तो आहे. एका दगडांत तीन पक्षी पडणार असें मला दिसलें, आणि दगड कोठें लागेल याचा विचार मीं केला नाहीं. दादास फोन करावा असें एकदां मनांत आलें होतें. परंतु सर्व कांहीं झाल्यावर त्यास चकित करावें, ह्या मोहानें मी गप्प बसलों. एका मित्राच्या ओळखीच्या मुलाकडून तो प्रोसेसर साडेपांच हजारांस मीं विकत घेतला. त्या मुलानें मला मुळींच फसविलें नाहीं. आठव्या पिढीचा म्हणून त्यानें दिला, आणि आठव्या पिढीचा म्हणूनच मीं घेतला.

रात्रीं जेवणें झाल्यावर मीं कॅबिनेट उघडलें. प्रोसेसरावरचा पंखा काढला. प्रोसेसर व पंख्याखालचा धातूचा ठोकळा ह्यांच्यामध्यें करड्या रंगाचा एक लेप असतो, त्यास थर्मल पेस्ट म्हणतात. दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांमध्यें सूक्ष्म फटी राहतात; फटींत हवा असते, आणि हवा उष्णता नीट वाहून नेत नाहीं. म्हणून त्या फटी लेपानें भरावयाच्या. जुना लेप वाळून गेला होता. तो मीं पुसून काढला, जुना प्रोसेसर उचलला, व नवा त्या जागीं ठेवला. काय सांगावें! तो इतका बरोबर बसला कीं जणूं त्या जागेकरितांच तो घडविला होता. कडेच्या खांचाही जुळल्या. दांडा सहज खालीं आला. नळींत होता नव्हता तेवढा लेप लावून मीं पंखा बसविला आणि बटण दाबलें.

पंखे फिरूं लागले, दिवा लागला, परंतु पडदा काळाच राहिला. मीं दहा मिनिटें वाट पाहिली. बंद करून पुन्हां सुरू केलें. रॅम काढून पुन्हां लावली. मदरबोर्डावरील लहानशी बॅटरी काढून पुन्हां घातली. पडदा काळा तो काळाच. तेव्हां जुना प्रोसेसर पुन्हां बसवावा असें ठरविलें, आणि त्याच क्षणीं माझ्या ध्यानांत आलें कीं लेपाची नळी रिकामी आहे. रात्रीचे सव्वानऊ वाजले होते. आमच्या भागांतील दुकानें बंद झालीं होतीं. लेपावांचून यंत्र चालविलें, तर प्रोसेसर फाजील तापावयाचा. आणि ताईस तिचा नकाशा एका दिवसाआड कॉलेजांत द्यावयाचा होता.

मी तिच्यापुढें जाऊन उभा राहिलों आणि सर्व सांगितलें. ती रागावली असती तर मला बरें वाटलें असतें. ती कांहींच बोलली नाहीं. तिनें कपाटांतून ड्रॉइंग बोर्ड काढला, त्यावर कागद ताणून बसविला, टी-स्क्वेअर ठेवला आणि पेन्सिलीस टोंक करूं लागली. त्या पेन्सिलीचा आवाज मला अजून ऐकूं येतो.

माझे वडील रेल्वेच्या कारखान्यांत फिटर आहेत. दुसऱ्या पाळीहून ते साडेअकराच्या सुमारास घरीं आले. ताई जागी, मी जागा, व टेबलावर यंत्राचे अवयव पसरलेले, हें पाहून त्यांनीं फक्त, "काय झालें?" एवढेंच विचारलें. मीं सांगितलें. माप अगदीं बरोबर होतें, हें मीं दोनतीनदां बोलून दाखविलें. बाबांनीं आपली पत्र्याची पेटी काढली, तिच्यांतून दोन बोल्ट व एक नट काढून माझ्या हातांत दिले, आणि म्हणाले, "हे दोन्ही दहा मिलिमीटरचे. लाव पाहूं."

पहिल्या बोल्टावर नट सरळ शेवटपर्यंत गेला. दुसऱ्यावर एक फेरा कसाबसा गेला आणि अडकला. मी जोर करूं लागलों, तेव्हां बाबांनीं माझा हात धरला. "एकाचे आटे दीड मिलिमीटरच्या अंतरानें, दुसऱ्याचे सव्वा मिलिमीटरच्या. जाडी दोघांची एकच. जोर केलास तर बोल्टही जाईल आणि नटही जाईल. अरे, आमच्याकडे नवा उमेदवार आला म्हणजे पहिल्या आठवड्यांत हीच चूक करतो. माप पाहतो, आटे पाहत नाहीं."

मग त्यांनीं विचारलें, "पैसे कोणाचे?"

"अडीच हजार माझे," मी म्हणालों, "आणि तीन हजार आईचे."

"मग तिला सांगणें हें तुझें काम. मी सांगणार नाहीं." एवढें बोलून ते हात धुण्यास गेले.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुकान उघडतांच मीं लेपाची नळी आणली, आणि दहा वाजेपर्यंत जुन्या प्रोसेसरासह यंत्र पूर्ववत् सुरू झालें. ताईनें रात्रीं हातानें काढलेला नकाशा समोर ठेवून तो यंत्रावर उतरविला व मुदतींत दिला. त्यानंतर मीं आईस सांगितलें. ती शिवत होती. तिनें मशीन थांबविलें, ऐकून घेतलें, आणि "बरें," म्हणून पुन्हां सुरू केलें.

त्या दुपारीं दादास फोन केला. तो प्रथम पोट धरून हंसला, मग त्यानें मला नीट समजावून दिलें. इंटेलची सहावी पिढी २०१५ सालीं व सातवी २०१७ च्या आरंभीं आली. ह्या दोन्ही पिढ्या आमच्या मदरबोर्डावर चालतात. सातवीकरितां बायॉसची, म्हणजे मदरबोर्डावरील मूळ आज्ञावलीची, नवी आवृत्ति मात्र घालावी लागते. २०१७ च्या ऑक्टोबरांत आलेल्या आठव्या पिढीनें पिनांची संख्या तीच ठेविली, परंतु कांहीं पिनांचें काम बदलून त्या वीजपुरवठ्याकडे लाविल्या. म्हणून तिला तीनशें क्रमांकाच्या मालिकेंतील मदरबोर्डच लागतो. ह्याउलट ए.एम.डी. कंपनीच्या ए.एम.-४ ह्या सॉकेटाचे २०१७ सालचे पुष्कळ मदरबोर्ड बायॉस बदलल्यावर २०२२ पासून रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसरही चालवूं लागले. तेव्हां सॉकेटच्या नांवावरून अनुमान काढणें व्यर्थ आहे. प्रत्येक मदरबोर्डाचा कर्ता त्यावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी प्रसिद्ध करतो, आणि कोणत्या प्रोसेसरास बायॉसची कोणती आवृत्ति लागते, तेंही तींत दिलेलें असतें. "ती यादी म्हणजे तुझ्या बाबांची आटे मोजण्याची पट्टी," दादा म्हणाला.

त्या रविवारीं बाबा व मी एक वही घेऊन बसलों. बाबांस संगणकांतील कांहीं कळत नाहीं, असें ते स्वतः म्हणतात. परंतु कोणती वस्तु कोणत्या वस्तूस धरून बसते, हें त्यांच्यासारखें कोणास कळत असेल असें मला वाटत नाहीं. ते प्रश्न विचारीत, मी उत्तर शोधी, आणि वहींत लिही.

त्यांचा पहिला प्रश्न विजेविषयीं होता. ग्राफिक्स कार्ड ज्या खांचेंत बसतें, ती खांच फार तर ७५ वॅट वीज देते. आमचें जुनें कार्ड तेवढ्यावरच जगतें. मोठ्या कार्डास एस.एम.पी.एस. मधून निराळी तार आणावी लागते. सहा पिनांची तार ७५ वॅट व आठ पिनांची १५० वॅट देते. मीं मनांत धरलेलें आर.एक्स. ६६०० हें कार्ड १३२ वॅट घेतें, म्हणजे त्यास आठ पिनांची तार हवी. आमच्या एस.एम.पी.एस. वर ४५० वॅट असें छापलेलें होतें, पण तशी तार त्यास नव्हतीच. दुसऱ्या तारांस जोडून तशी तार करण्याचे सांधे बाजारांत मिळतात, असें मी म्हणालों. बाबांनीं ताबडतोब नकार दिला. "बारीक तारेवर मोठा भार टाकलास, तर तार तापणार. डब्यावरचा आंकडा वाचूं नकोस. तार कोठून आली तें पहा."

दुसरा प्रश्न लांबीचा. बाबांनीं पोलादी टेप काढून कॅबिनेटच्या मागील पट्टीपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतचें अंतर मोजलें. तें २६५ मिलिमीटर भरलें. एकाच नांवाचें कार्ड निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या लांबीचें करतात. म्हणून नांव ठरल्यावर लांबी पाहणें हें वेगळें काम आहे.

तिसरी गोष्ट मला दादानें सांगितली होती. बसतें व सुरूही होतें, तरी पोट भरत नाहीं, असाही एक प्रकार असतो. २०२२ सालचें आर.एक्स. ६५०० एक्स.टी. हें कार्ड मदरबोर्डाशीं फक्त चार मार्गिकांनीं बोलतें. खांचेच्या चौथ्या आवृत्तींत तेवढें त्यास बरेंच पुरतें. आमची खांच तिसऱ्या आवृत्तीची. तींत प्रत्येक मार्गिकेचा वेग निम्मा. त्यामुळें जुन्या यंत्रांत तें कार्ड मंदावतें. आर.एक्स. ६६०० ला आठ मार्गिका असल्यामुळें त्याचें नुकसान थोडें होतें. स्वस्त म्हणून पहिलें कार्ड मीं आणलें असतें, तर यंत्र सुरू झालें असतें, आणि माझी चूक मला कधींच कळली नसती!

चौथी रॅम. आमची डी.डी.आर. ४ जातीची, तिला २८८ संपर्कबिंदु असतात. नव्या डी.डी.आर. ५ लाही २८८ च असतात. येथेंही संख्या फसविते. परंतु येथें मधली खांच निराळ्या जागीं असल्यामुळें चुकीची पट्टी बसतच नाहीं. प्रोसेसराच्या बाबतींत अशी राखण कोणीं ठेविली नव्हती. शिवाय एका मोठ्या पट्टीपेक्षां सारख्या दोन पट्ट्या बऱ्या, कारण प्रोसेसर त्या दोन्हींशीं एकाच वेळीं देवघेव करूं शकतो. पांचवी गोष्ट डिस्कची. नव्या चपट्या एम.२ डिस्कची जागा आमच्या मदरबोर्डावर नाहीं. साटा तारेनें जोडावयाची एस.एस.डी. मात्र चालते.

यादी तयार झाली. दरम्यान तीनशें मालिकेचा मदरबोर्ड असलेला एक मुलगा मला भेटला. तो प्रोसेसर माझ्याजवळ कसा आला हें त्यास सांगूनच मीं तो चार हजारांस विकला. त्यांतील तीन हजार आईच्या हातीं दिले. तिनें ते मोजले, डब्यांत ठेवले, आणि म्हणाली, "आतां ती वही वाचून दाखव."

मीं सर्व वही वाचली. पिना, वॅट, मार्गिका ह्यांतलें तिला किती कळलें असेल याची मला शंका होती. वाचून संपल्यावर तिनें एकच प्रश्न विचारला. "हें जुनें यंत्र एक दिवस मोडीत जाणारच. त्या दिवशीं यांतल्या कोणत्या वस्तु काढून पुढच्यास लावतां येतील?"

मी स्तब्ध झालों. आई जुनें कापड टाकण्यापूर्वीं त्याचीं बटणें, चेन व हुक काढून ठेवते, हें मी लहानपणापासून पाहत आलों होतों. परंतु ती दृष्टि ह्या यंत्रास लावावी, हें ना मला सुचलें, ना माझ्या वहीस. मीं पुन्हां वही उघडली. एस.एस.डी. पुढच्या यंत्रास चालेल. चांगला एस.एम.पी.एस. चालेल. ग्राफिक्स कार्ड चालेल. प्रोसेसर मात्र ह्या मदरबोर्डाबरोबरच जाणार, आणि रॅमही बहुधा जाणार. म्हणजे ज्या वस्तूवर मीं सर्व पैसे घातले होते, तीच सर्वांत अल्पायुषी होती. सातव्या पिढीचा प्रोसेसर शोधून बसवावा, असा विचार तोंवर माझ्या मनांत घोळत होता. तो मीं तेथेंच सोडला.

आईनें डबा उघडून ते तीन हजार रुपये पुन्हां माझ्यापुढें ठेवले.

त्यांत माझ्याजवळ उरलेले हजार घालून ५०० जी.बी.ची एस.एस.डी. घेतली. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस फार चढले होते, म्हणून दुसरी पट्टी एका दुरुस्तीच्या दुकानांतून जुनी घेतली. जातांना आमची पट्टी कागदांत गुंडाळून बरोबर नेली व दोन्ही शेजारीं ठेवून पाहिल्या. विंडोज १० साठीं कंपनीनें ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची वाढीव मुदत देऊं केली होती, तिच्यांत नांव नोंदविलें. पूर्वीं यंत्र सुरू करून मी पाणी पिऊन येई, तरी तें तयार नसे. आतां खुर्ची ओढेपर्यंत तयार होतें. शर्यतींतील मोटार वळणावर वळते. चित्राची झळाळी कमी करून ठेवावी लागते, पण अडखळणें पुष्कळ कमी झालें. ताईचे नकाशे तर निम्म्या वेळांत उघडतात, व तिनें आपल्या तासांतील अर्धा तास होऊन मला दिला आहे.

नवें ग्राफिक्स कार्ड अजून आलेलें नाहीं. आधीं एस.एम.पी.एस. घ्यावयाचा, मग कार्ड, असा क्रम वहींत लिहिलेला आहे, आणि त्यासाठीं पैसे सांठत आहेत. घाई वाटली म्हणजे मी टेबलाच्या खणांतील ते दोन बोल्ट काढून पाहतों. बाबांनीं ते परत मागितले नाहींत.

मित्रहो, तुम्हांपैकीं कोणास आपलें यंत्र सुधारावयाचें असेल, तर मदरबोर्डाच्या कर्त्याची यादी पहा, तार पहा, टेप लावा, आणि खरेदीपूर्वीं आपली वही घरांतील अशा माणसास वाचून दाखवा, ज्यास संगणकांतलें कांहीं कळत नाहीं. कदाचित् तेंच माणूस तुम्हांस खरा प्रश्न विचारील.